काबरीला गाडी लागते

खापर गावच्या जीपस्टँडवर कुणालाही विचारा, उमाकांत ड्रायव्हर कुठे राहतो, तर तो आधी हसेल आणि मग घर दाखवील. हसण्याचं कारण असं, की ज्या माणसाने एकोणतीस वर्षं अक्कलकुवा ते मोलगी काळी-पिवळी जीप हाकली, देवगोईच्या घाटातलं एकेक वळण ज्याला तोंडपाठ, तोच माणूस यंदाच्या उन्हाळ्यात रोज सकाळी एका कुत्रीला जीपमध्ये बसवून गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत नेत होता आणि परत आणत होता. तेही बैलगाडीच्या चालीने. मागचे हॉर्न मारून मारून थकायचे, बाजूने जाताना डोकावून बघायचे आणि हसायचे.

हसू द्या. त्यांना काय माहीत, त्या नाल्यापर्यंतच्या फेरीवर काय अवलंबून होतं ते.

कुत्रीचं नाव काबरी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, एक कान कायमचा पडलेला. ती मूळची वत्सलाबाईची, म्हणजे उमाकांतच्या बायकोची. वत्सलाबाईने पिल्लू असताना तिला उकिरड्यावरून उचलून आणली तेव्हा उमाकांत दोन दिवस धुसफुसत होता. घरात कुत्रं कशाला? वत्सलाबाई म्हणाली होती, "दिवसभर मन्हासंगे बोलाले कोण शे?" हे त्याने ऐकलं आणि सोडून दिलं. पहाटे पाचला घर सोडणारा आणि अंधार पडल्यावर परत येणारा माणूस तो. बायको दिवसभर कुणाशी बोलते, हा प्रश्न त्याला पडायचं कारणच नव्हतं.

मागच्या भादव्यात वत्सलाबाई गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर महिनाभरात उमाकांतने लाइनवरचा नंबर सोडून दिला, सवाऱ्या भरणं बंद केलं. गुडघा क्लच दाबायला कुरकुरतो असं त्याने स्टँडवर सांगितलं. गुडघा कुरकुरत होता हे खरं, पण पहाटे चहा ठेवणारं कुणी नसताना घरातून निघायची इच्छाच मेली होती, हे त्याहून खरं. जीप तेवढी विकली नाही. ती दारात उभी राहिली आणि तो ओसरीवर बसून राहिला.

आणि मग त्याला दुपार भेटली. एकोणतीस वर्षांत त्याने स्वतःच्या घरातली दुपार पाहिलीच नव्हती हो! अकरा वाजता गल्ली सामसूम. बारा वाजता पत्रे तापून कडकड वाजायचे. एक ते चार हे तीन तास कुणी निर्माण केले आणि कशासाठी, हे त्याला कळेना. घड्याळाकडे बघावं, पाणी प्यावं, पुन्हा घड्याळाकडे बघावं, तर दहा मिनिटं झालेली. खाटेखाली काबरी पसरलेली असायची. तिच्याशी तो आधी मनात बोलायचा, मग हळूहळू मोठ्याने बोलायला लागला. एकदा तो बोलता बोलता थांबला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण वत्सलाच्याच जागेवर बसलोय, तिच्याच कुत्रीशी बोलतोय, आणि बोलायला तिसरं कुणी नाही. त्या दिवशी तो जेवला नाही.

नूतन, त्याची एकुलती एक लेक, नाशिकला असते. दिवाळीत ती आणि जावई लखन नवी गाडी घेऊन त्याला न्यायला आले. तळमजल्याचं घर घेतलंय, अंगण आहे, काबरीलाही आणा, असं सगळं ठरलं. निघताना शेजारच्या रंजनाबाईने दही-भाकरी आणली, सगळ्यांनी खाल्ली, काबरीनेही वाडगाभर खाल्ली. तळोद्याच्या अलीकडेच तिने ती सगळी नव्या सीटवर ओकून टाकली. मग पुन्हा ओकली. मग नुसता फेस. लखन रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त गाडीच्या काचा खाली करत राहिला. शेवटी गाडी मागे वळवली, काबरीला रंजनाबाईच्या हवाली केलं आणि उमाकांत एकटाच नाशिकला गेला.

चार दिवस काढले त्याने तिथे. पाचव्या दिवशी रंजनाबाईने फोनवर दाखवलं, काबरी फाटकापाशी पडलेली, भाकर तशीच वाळलेली. उमाकांतने पिशवी भरली आणि एस.टी. धरली. नूतन रडली, पण त्याला थांबवलं नाही.

त्यानंतर माघात तो मोरीत घसरून पडला. उठता येईना. सकाळपासून दुपारपर्यंत तो ओल्या फरशीवर पडून होता आणि काबरी दाराशी उभी राहून भुंकत होती. घसा बसेपर्यंत भुंकली, तेव्हा कुठे रंजनाबाईला वाटलं, जाऊन बघावं. हाड मोडलं नव्हतं, नशीब. पण नूतनचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात.

"आप्पा, आखाजीला आम्ही येतो. आता तुम्हाला एकटं ठेवणार नाही मी. काबरीला तोवर गाडीची सवय झाली तर तिला घेऊ. नाही झाली तर रंजनामावशीकडे राहील ती. पण तुम्ही येणार."

लेकीचं काही चुकत नव्हतं. उमाकांतलाही जायचं होतं. एकटेपणाला तो इतका विटला होता की भाजीवाल्याशीही उगाच पाच मिनिटं जास्त बोलायचा. पण ज्या जिवाने भुंकून भुंकून आपल्याला मोरीतून उठवलं, त्याला फाटकापाशी मरायला टाकून जायचं? ते त्याच्याने होणार नव्हतं. होळी झाली आणि त्याने दिवस मोजले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दीड महिना होता.

तर अशा त्या फेऱ्या.

सुरुवातीला त्याने आपलं सगळं ड्रायव्हरी शहाणपण पणाला लावलं. घाटात लोकांना गाडी लागते तेव्हा काय करतात, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत? लिंबू कापून काबरीच्या नाकाशी धरलं. ती चार वेळा शिंकली आणि मग ओकली. बसायच्या जागी वर्तमानपत्र अंथरलं. ते तिने आधी फाडलं आणि मग ओकली. पुढच्या सीटवर बसवली, तर बाजूने पळणारी झाडं बघून तिची मान गरागरा फिरायला लागली आणि नाल्याच्याही आधी तिने कार्यक्रम उरकला. रोज सकाळी जीप सुरू करताना डॅशबोर्डवरच्या देवाला तो अगरबत्ती लावायचा, ती सवय त्याने सोडली नव्हती. आणि निघण्याआधी काबरीला वाडगाभर दूध-भाकर कुस्करून द्यायचा, हेही ठरलेलं. पंधरा दिवस गेले. जीप धुवून धुवून त्याची कंबर मोडली आणि काबरी आता नुसती किल्ली वाजली तरी खाटेखाली जाऊन दडायला लागली.

शेवटी तो तिला अक्कलकुव्याच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे रुचिका नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने काबरीला तपासलं, वजन केलं आणि मग ती आरोपीला विचारावं तसं उमाकांतला विचारायला लागली. किती वाजता निघता? काय खायला देता? गाडीत वास कशाचा येतो? गाडी कशी चालवता?

दूध-भाकरीचं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"काका, निघायच्या आधी पाच-सहा तास पोटात काही नको. घोटभर पाणी चालेल. अगरबत्ती बंद, अत्तर बंद. काच चार बोटं उघडी ठेवा. तिला खाली, पायापाशी बसवा, तोंड पुढे, म्हणजे बाजूचं पळताना दिसणार नाही. पट्ट्याने बांधा, नाहीतर धक्क्याने घसरते आणि घाबरते. आणि पहिले चार दिवस गाडी सुरूच करू नका. नुसती तिच्यासोबत बसा. मग इंजिन सुरू करून बसा. मग गल्लीच्या टोकापर्यंत."

"आणि गोळी?"

"लांबच्या प्रवासाच्या दिवसासाठी मी देते, तिच्या वजनाची. माणसांची गोळी आणून देऊ नका. आणि काका, हळू चालवा. ती ओठ चाटायला लागली, लाळ गळायला लागली, की गाडी थांबवायची. लगेच. पुढच्या स्टँडला नाही."

हे शेवटचं उमाकांतला झोंबलं. एकोणतीस वर्षांत ज्याने गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, त्याला कालची पोरगी गाडी चालवायला शिकवणार! पण तो गप्प बसला, कारण काबरी तिच्या टेबलावर थरथरत होती आणि ही बाई तिच्या पडक्या कानामागे बोटांनी खाजवत होती.

बाकी सगळं त्याने ऐकलं. देवाची माफी मागून अगरबत्ती बंद केली. जीपमध्ये खाली वत्सलाचं जुनं लुगडं घडी करून अंथरलं. "चाल, बठ. आते कथाच जावानं नही, नुसतं बठानं शे," असं म्हणून चार दिवस तो बंद गाडीत काबरीसोबत तासतासभर बसला. गल्लीतून जाणारे येणारे बघायचे, दोघंही समोर रस्त्याकडे तोंड करून बसलेले आणि गाडी हलत नाही.

फक्त एक गोष्ट त्याच्याने होईना. उपाशी ठेवणं.

त्याला कारण होतं. त्या घरातून कुणीही कधी उपाशी पोटी निघालं नव्हतं. पहाटे पाचला वत्सलाबाई त्याच्यासमोर ताजी भाकर आणि दही ठेवायची, आणि तो नको म्हणाला की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "उपाशी पोटे कोणी वाटे लागस का?" उपाशी निघणं म्हणजे अपशकुन, आणि उपाशी निघू देणं म्हणजे घरच्या बाईची लाज. ती मेली तरी तिचा हा नियम चुलीपाशी बसूनच होता. पाचव्या दिवशी, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं होतं त्या सकाळी, काबरी वाडग्यापाशी येऊन त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. थोडीशीच, असं म्हणून त्याने अर्धी भाकर कुस्करली. गल्लीच्या टोकाला ती भाकर वत्सलाच्या लुगड्यावर होती.

तो जीप बंद करून तसाच बसला. आणि मग त्याला ते आठवलं. खरं सांगायचं तर आठवलं असं नाही. ते कायम तिथेच होतं, त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं.

वत्सलालाही गाडी लागायची.

लग्नानंतर तिला जीपमधून कुठेही न्यायचं म्हटलं की ती आधी नियमाने दही-भाकर खायची, आणि घाटाच्या पहिल्या वळणाला तिचं तोंड पांढरं पडायचं. ती मागच्या सीटवरून त्याच्या खांद्यावर दोनदा हात लावायची आणि हळूच म्हणायची, "जराशी थांबाडा ना." आणि तो म्हणायचा, "पाच मिनिट, स्टँड उनंच." कारण लाइनचा कायदाच तसा होता. जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी लागायचा. मधे थांबलास की मागचा पुढे जाणार, आणि मग तू दुपारपर्यंत स्टँडवर माश्या मारत बस. बायको आहे म्हणून थांबला, असं दुसरे ड्रायव्हर म्हणाले असते तेही वेगळंच. ती पदर तोंडाला लावायची. तोही पुरला नाही की खिडकीतून डोकं बाहेर काढायची. पोचल्यावर तो आधी गाडीची बाजू धुवायचा. नाटकं करते, असंही एकदोनदा म्हणाला होता, लोकांसमोर.

मग तिने गाडीत बसणंच सोडलं. माहेरी जाणं सुटलं, लग्नकार्यं सुटली. नूतन पहिल्या वेळी बाळंत झाली तेव्हाही ती नाशिकला गेली नाही. ड्रायव्हरची बायको आणि घरातून हलत नाही, असं लोक म्हणायचे आणि उमाकांतही त्यांच्यासोबत हसायचा. नातू तीन महिन्यांचा झाल्यावर नूतनच त्याला घेऊन आली, तेव्हा वत्सलाने त्याला घेतलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. दुपारी बोलायला कुणी नाही म्हणून तिने काबरी आणली, ती त्यानंतरच.

उमाकांतने लुगडं काढून धुतलं, वाळत घातलं. दुसऱ्या दिवसापासून काबरीला सकाळी काही दिलं नाही. आणि तिच्यासमोर आपण खायचं कसं, म्हणून त्यानेही खाल्लं नाही. फेरी मारून आल्यावर दोघं एकदम खायचे.

रंजनाबाईला ते मुळीच पटलं नाही. "भाऊ, मुक्या जिवले उपाशी ठेवी ऱ्हायनात तुम्ही? वत्सलाबाई ऱ्हाती तर तुमले घरात नही लेती."

"ऱ्हाती तर तिलेबी उपाशीच बठाडतू," उमाकांत म्हणाला. रंजनाबाईला काही कळलं नाही आणि त्याने समजावूनही सांगितलं नाही.

गल्लीचं टोक झालं. नाला झाला. मग हमरस्ता. पहिल्यांदा हमरस्त्यावर काबरीने ओठ चाटले आणि उमाकांतचा पाय सवयीने ॲक्सिलरेटरवरच राहिला, पाच मिनिटांवर पेट्रोल पंप होता. मग त्याने पाय उचलला, जीप कडेला घेतली आणि उभी केली. मागून दोन ट्रक गेले, एक काळी-पिवळी गेली, तिच्यातल्या ड्रायव्हरने हात हलवला. सगळे पुढे निघून गेले. काही झालं नाही. काबरीने जांभई दिली, खाली उतरून एका दगडाचा वास घेतला आणि आपणहून परत चढली. एवढं सोपं होतं ते. उमाकांतला राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

आखाजीच्या आठवडाभर आधी तो तिला देवगोईच्या घाटात घेऊन गेला. चार वळणं चढला, सहा वेळा थांबला. काबरी कोरडीच्या कोरडी परत आली. त्याने नूतनला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "तिले बी लई जाऊत."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. काबरीला पहाटे डॉक्टरणीची गोळी दिलेली, पोट रिकामं. रंजनाबाई दह्याची वाटी आणि भाकर घेऊन उभी होतीच. काबरीला नको, असं उमाकांतने ठणकावून सांगितलं. मग ती वाटी त्याच्यासमोर आली. रंजनाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, घराला कुलूप लागत होतं, आणि त्या वाटीला नाही म्हणणं त्याच्याने झालं नाही. शिवाय त्याला काय होतंय? एकोणतीस वर्षं घाट चढलेला माणूस. त्याने वाटी पुसून खाल्ली.

नूतन म्हणाली, आप्पा, पुढे बसा. तो नको म्हणाला, मी पायापाशी नसलो तर ती राहणार नाही. तो मागे बसला, काबरी खाली लुगड्यावर, तोंड पुढे. नूतन पुढे लखनशेजारी बसली; पोरांना त्यांनी या वेळी नाशिकलाच ठेवलं होतं. नंदुरबार गेलं, साक्री गेली. काबरी झोपली होती. लखन दोनदा मागे वळून म्हणाला, कमाल केलीत आप्पा. उमाकांतने मान हलवली.

पिंपळनेर मागे पडलं आणि शेलबारीचा घाट लागला. छोटासाच घाट, देवगोईपुढे काहीच नाही. पण उमाकांत आयुष्यात कधी घाटात मागच्या सीटवर बसला नव्हता. हातात स्टिअरिंग असलं की वळण आपण घेतो. मागे बसलं की वळण आपल्याला घेऊन जातं. दुसऱ्या वळणाला त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. कानामागे घाम आला. त्याने काचेबाहेर पाहिलं तर ते आणखीच वाढलं. त्याला वाटलं, घाट संपेलच आता, पाच मिनिटं. मग त्याने पुढे वाकून जावयाच्या खांद्यावर हात लावला. दोनदा.

"लखनराव, जराशी थांबाडा ना."

लखनने गाडी तिथल्या तिथे कडेला घेऊन उभी केली. उमाकांत दार उघडून उतरला, दोन पावलं गेला आणि रंजनाबाईची सगळी दही-भाकर त्याने घाटाच्या कठड्यापाशी ओकून टाकली. लखन मागून आला, एका हाताने त्याची पाठ धरून उभा राहिला, दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली पुढे केली.

"सावकाश, आप्पा. कुणाला घाई नाहीये."

उमाकांतने चूळ भरली आणि कठड्यावर बसला. आणि मग तो रडायला लागला. म्हातारा माणूस, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, खांदे हलेपर्यंत रडला. नूतन धावत आली, तिला वाटलं छातीत दुखतंय. तिने त्याचा हात धरला, कपाळ पाहिलं.

"काय व्हयनं, आप्पा? काय व्हयनं?"

"तुन्ही माय दोनदा हात लावे खांद्याले," तो म्हणाला. "जराशी थांबाडा, एवढंच म्हने. मी एकदाबी थांबनू नही, नूतन. एकदाबी."

नूतन त्याच्या शेजारी कठड्यावर बसली. मग म्हणाली, "मले माहीत शे, आप्पा. तवय मी तिच्या मांडीवरच बठेल ऱ्हाऊ."

लेकीने त्याचा हात अजून सोडला नव्हता. काबरी गाडीतून उतरून आली. कोरडी, ताजीतवानी. तिने त्याच्या चपलेचा वास घेतला आणि त्याच्या पायापाशी सावली बघून बसली. लखनने तिच्यासाठी झाकणात पाणी ओतलं, ते ती प्यायली. खालून एक जीप चढत आली, माणसांनी भरलेली, आणि यांच्या बाजूने न थांबता पुढे निघून गेली. उमाकांत ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

थोड्या वेळाने लखनने विचारलं, "निघायचं?"

"पाच मिनिट थांबूत," उमाकांत म्हणाला.